गवार डिंकाची फिल्म: मे ते नोव्हेंबरचा अनुभव

गवारीच्या बियांपासून मिळणाऱ्या डिंकाची, खाद्यपदार्थ गुंडाळायची पातळ पारदर्शक पापुद्र्यासारखी जी फिल्म लातूरच्या मे महिन्यात पापडासारखी तडकते, तीच ऑगस्टमध्ये बोटाला चिकटते. चिक्की, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला यांची वेष्टनं सात महिने वापरल्यावर पहिलं मत हेच, की एक माप वर्षभर चालत नाही.

मूळ माप: १ लिटर पाणी, खाण्याच्या दर्जाची गवार डिंक पावडर १० ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम. ४० × ५० सेंमीच्या सपाट ट्रेमध्ये एवढं द्रावण ओतलं की वाळून साधारण ४५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्म निघते. उन्हाळ्यात ग्लिसरीन ४ ग्रॅम, पावसाळ्यात २; ग्लिसरीन फिल्म लवचिक ठेवतं, पण स्वतःच हवेतलं पाणीही ओढतं.

पावडर थेट पाण्यात पडली की गुठळ्या होतात, बाहेरून चिकट नि आत कोरड्या. मग कितीही घोटा, सुटत नाहीत. म्हणून ती आधी ग्लिसरीनमध्ये चोळून, ढवळत्या पाण्यात चिमटी-चिमटीने सोडावी. मिक्सर नको. त्यातले बुडबुडे वाळल्यावर टाचणीएवढी भोकं ठेवून जातात. द्रावण तीन-चार तास निवांत ठेवायचं, तेही फ्रिजमध्ये. मेच्या उकाड्यात बाहेर राहिलं तर आंबून पाणचट होतं. वाळवण ४०–४५ अंशांवर. घाई केली की कडा वळतात. स्टीलच्या ट्रेला फिल्म धरून बसते, सिलिकॉनच्या शीटवरून अलगद सुटते.

नुसत्या बाभळीच्या डिंकाची फिल्म ठिसूळ होते. धावड्याचा लाडवातच बरा. घट्टपणासाठी बोरॅक्स (टाकणखार) सुचवणारे भेटतात. गवार डिंक त्याने घट्ट होतो हे खरं, पण खाण्याच्या वस्तूला बोरॅक्स लागता कामा नये.

तेलाला मात्र ही फिल्म पक्की. चटणीचं तेल बाहेरच्या कागदावर उतरत नाही, इथे पैकीच्या पैकी गुण. वाफेपुढे तिचं काही चालत नाही: गरम भाकरी गुंडाळली की दोन मिनिटांत लगदा. गुळाच्या वड्या पावसाळ्यात बांधूच नयेत, दोघंही ओल धरतात. हीट सीलर उपयोगाचा नाही, चिकटण्याआधी फिल्म करपते. कडेला ओलं बोट फिरवून मिनिटभर दाबलं की जोड बसतो. पाणी जास्त झालं तर तिथेच भोक. कोऱ्या फिल्म बटर पेपरमध्ये घालून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, नाहीतर श्रावणात बुरशी येते.

विघटनाचं म्हणाल, तर ओल्या मातीत ती लवकर विरते. मेमधल्या भेगाळलेल्या काळ्या रानात पुरलेला तुकडा मात्र पाणी पडेपर्यंत कुरकुरीतच सापडला.