तापकीर गल्लीतला धूळ सेन्सर: प्रोजेक्टसाठी घ्यावा का?

पीएम 2.5 (हवेतले 2.5 मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) मोजायला कुठला सेन्सर घेऊ, असं ज्युनिअर सारखे विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी घेतलाय तो साधा लेझरवाला, तळहातावर मावणारा, आत छोटा पंखा असलेला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन-अडीच हजारांत मिळतो. दुकानात मॉडेल नंबर सांगा. ‘हवेचं प्रदूषण मोजायचंय’ म्हणालात तर एअर प्युरिफायर दाखवतील. आणि काउंटरवरच लॅपटॉपला जोडून बघा. पंखा खरखरत असेल तर तिथेच बदलून मागा, नंतर कुणी ओळख देत नाही.

सुरुवातीला भारी वाटतं. सेकंदाला एक आकडा येतो. आईने फोडणीत मिरच्या टाकल्या की ठसका लागायच्या आधी लॅपटॉपवर आलेख उभा राहतो. आजोबांचं म्हणणं, एवढ्यासाठी नाक होतं की.

खरी गंमत पावसाळ्यात. माहितीपत्रकात 70 टक्के आर्द्रतेपर्यंतच भरवसा दिलाय, आणि जुलैत पुण्याची सकाळ त्याच्या खाली येते कुठे? सिंहगड रोडवर रात्रभर पाऊस पडून सगळं धुऊन निघालेलं असतं आणि हा पठ्ठ्या डिसेंबरच्या प्रदूषित हवेचे आकडे दाखवतो. कारण सरळ आहे. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, फुगलेला कण लेझरचा उजेड जास्त विखुरतो, आणि सेन्सर तो उजेड बघूनच धूळ ठरवतो. सरकारी केंद्रांवरच्या महागड्या यंत्रांत हवा आत घेतानाच गरम करून कोरडी करतात. इथे ती सोय नाही. म्हणून सोबत आर्द्रतेचा सेन्सर घ्याच, शे-दोनशेसाठी कंजुषी नको.

मशीन लर्निंग कामाला येतं ते इथे. डिपार्टमेंटच्या गच्चीवर मोठ्या यंत्राशेजारी हा ठेवायचा आणि कच्चा आकडा, आर्द्रता, तापमान देऊन रँडम फॉरेस्टला (मशीन लर्निंगची एक पद्धत) मोठ्या यंत्राचा खरा आकडा ओळखायला शिकवायचं. फक्त डेटा पत्त्यांसारखा पिसून ट्रेन-टेस्ट (एका भागावर शिकवणं, दुसऱ्यावर तपासणं) करू नका. 10:05 चं रीडिंग ट्रेनमध्ये आणि 10:06 चं टेस्टमध्ये गेलं तर मॉडेल पाठ केलेलंच म्हणून दाखवतं. अख्खा महिना बाजूला काढा. थंडीवर शिकलेल्या मॉडेलला जून दाखवा, मग व्हायवात काय ते बोला. आमच्या सरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

सेन्सर पीएम 10 चा (10 मायक्रोमीटरपर्यंतचे कण) आकडाही देतो, पण तो रकाना मी वापरतच नाही. जाड धूळ या जातीच्या सेन्सरना नीट पकडता येत नाही, त्यामुळे मेट्रोच्या किंवा बांधकामाच्या धुळीवर प्रोजेक्ट असेल तर हा घेऊ नका. आणि कच्चे आकडे सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. आपलं पीएम 2.5 चं घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमचं मानक 24 तासांच्या सरासरीचं आहे. गॅलरीतल्या एका रीडिंगवरून काका लोक पालिकेला पत्र लिहायला बसतात. शहराचा अंदाज हवा असेल तर पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची सेवा आहेच.

लेझरचं आयुष्य 8000 तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही नाही. कोडमध्ये मधूनमधून झोपवायची कमांड टाका. पीएम 2.5 साठी पाचपैकी चार, पीएम 10 साठी एक. बिल जपून ठेवा, डिपार्टमेंट बिलाशिवाय पैसे देत नाही.