व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) की बदली?

भाचा चाकणला कार कंपनीत, वय ४६. तिथे माणसं कमी करणं चालू आहे, साहेबांच्याही खुर्च्या हलल्या. परवा अमळनेरला आला. कळण्याची भाकरी न् भरीत तसंच ताटात. "मामा, व्हीआरएस घेऊ की परराज्यात बदली?"

कंपनीच्या व्हीआरएस पत्रकातली 'सुवर्णसंधी' बाजूला ठेवली. ग्रॅच्युइटी दोन्हीकडे मिळते: वर्षामागे १५ दिवसांचा मूळ पगार न् महागाई भत्ता. व्हीआरएसचे ५ लाखच करमुक्त, हे कुणी आपणहून सांगत नाही. पीएफची पेन्शन पन्नाशीआधी नाही. ५८ आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कपात. बदलीत पगार टिकतो, पण दोन चुली. त्यात पोरीची बारावी.

ज्याचं कर्ज फिटलंय, गावी ओलिताखालची केळी आहे, त्याने व्हीआरएस घ्यावी. हप्तेवाल्याने बदलीच. भाच्याचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत.