टेपखाली कलम नव्हतंच

मी द्राक्षबागायतदाराची मुलगी. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून "बाईंना झाडातलं काही कळत नसणार" असं कोणालाही वाटेल. दिंडोरी तालुक्यात वडिलांची, म्हणजे अण्णांची, बाग होती, आता धाकटा भाऊ बघतो. नव्वदच्या दशकात द्राक्षासाठी डॉगरीजचे खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती खालची मुळांची झाडं, आले तेव्हा माहेरपणाला गेलेली मी वडिलांच्या शेजारी बसून कलमाच्या पट्ट्या कापून देत असे. खुंट म्हणजे काय, डोळा म्हणजे काय, कलम लागलं की नाही कसं बघायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही साडेतेरा हजार रुपये गेले.

नाशिकला पाथर्डी फाट्यावर आमचं रो-हाऊस आहे. मागे बारा बाय अठरा फुटांचा तुकडा, त्यातच पाण्याची टाकी, तुळस, कढीपत्ता आणि यांची जुनी स्कूटर. मोठं झाड लावायची सोयच नाही. त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये शहरातल्या एका प्रदर्शनात "खांबासारखं वाढणारं प्लम, दोन फुटांत एक झाड" अशी पाटी दिसली आणि माझे पाय तिथेच थांबले. कुंडीत सहा फुटांचं सरळसोट झाड होतं. बाजूला फांदी म्हणून नाही, आणि खोडाला चिकटून वीसेक जांभळी फळं. स्टॉलवरचा मुलगा तिशीचा, बोलायला गोड. "मॅडम, इस्रायली टेक्नॉलॉजी आहे. अठरा महिन्यांत फळ. नाशिकचं हवामान तर एक नंबर, द्राक्ष येतं तिथे प्लम येणारच."

हे शेवटचं वाक्य मला भारी पटलं. नाशिककराला द्राक्षाचं नाव घेऊन काहीही विकता येतं.

एक रोप १,८५० रुपयांना. पाच घेतली, ९,२५० झाले. वर १,२०० चं खताचं किट. "किट नाही घेतलं तर गॅरंटी लागत नाही." पैसे फोनवरून गेले, ते कुठल्या नर्सरीच्या खात्यात नाही तर एका माणसाच्या नावावर. बिल म्हणून माहितीपत्रकाच्या मागे पेनाने आकडा लिहून सही केली. प्रत्येक रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. मी हात लावला तसा तो म्हणाला, "टेप कधीच सोडायची नाही हं मॅडम. कलमाला हवा लागली की रोप गेलं समजा."

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. आमच्याकडे नेमकं उलटं. कलम लागेपर्यंत पट्टी, लागलं की सोडायची. नाही सोडली तर खोड फुगतं आणि पट्टीचा फास बसतो. हे मला पाठ होतं, पण "इस्रायली" म्हटल्यावर वाटलं, असेल बाई त्यांचं काही वेगळं.

पहिल्या उन्हाळ्यात दोन रोपं वाळली. उरलेली तीन जोमात वाढली, पण खांबासारखी नाही. पावसाळ्यात बाजूने अशा फांद्या फेकल्या की एक टाकीवर गेली आणि एक शेजारच्या काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांत. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "छाटत राहा, दोन वर्षांनी शेप येतो." मग डिसेंबरात मी विचारलं, फुलाचं काय? तर म्हणे, या झाडाला थंडी लागते, रोज संध्याकाळी मुळाशी बर्फ टाका.

आणि मी टाकला. पंधरा-वीस दिवस, फ्रीजमधले दोन ट्रे, रोज दिवेलागणीला. यांनी एकदाच विचारलं, "यांना काय ताप आलाय का?" त्यानंतर ते काही बोलले नाहीत, पण पेपर तोंडासमोर जरा जास्त वेळ धरायला लागले.

बर्फाची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. प्लमला थंडी लागते हे खरंच आहे. पानं गाळून झाड झोपतं आणि पुरेशी थंडी झाल्याशिवाय नीट जागं होत नाही. ती थंडी मोजतात साधारण ७ अंशांच्या खाली गेलेल्या तासांत. युरोपातल्या जातींना सातशे ते हजार तासही लागतात, त्यापेक्षा कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत, पण त्यांनाही शेकड्यांनी तास हवेत. आपल्याकडे निफाडचा पारा घसरला की पेपरात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, आणि आपल्याला वाटतं नाशिक म्हणजे हिमाचलच. पण शहरात पारा ७ च्या खाली जातो तो मोजक्या पहाटे, तोही काही तास. समजा अशा पंधरा पहाटे आल्या आणि प्रत्येकीला चार तास धरले, तरी होतात साठ. वर दुपारी २८ अंशांचं ऊन, ते मिळालेली थंडीही खाऊन टाकतं. शिवाय ही थंडी लागते फांदीवरच्या डोळ्यांना, जिथून कोंब फुटतो. मुळाशी बर्फ टाकून मुळं तेवढी गारठली. नंतर भाऊ म्हणाला, "ताई, द्राक्षालासुद्धा इथे धड झोप मिळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला पेस्टिंग करून, म्हणजे फूट आणणारं औषध लावून, आपण त्याला उठवतो, तेव्हा कुठे सारखं फुटतं. तू प्लमचं काय घेऊन बसलीस?"

म्हणजे "द्राक्ष येतं तिथे प्लम येणारच" हे वाक्य मुळापासून चूक होतं, आणि ते कळायला मला घराबाहेर पडायचीही गरज नव्हती. भावाला एक फोन पुरला असता. केला नाही, कारण पाच झाडं लावल्याचं त्याला फळं आल्यावरच सांगायचं असं मी ठरवलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन निदान आलं. "मॅडम, तुमच्याकडे पोलिनायझर नाही ना! जोडीदार झाडाशिवाय फळ धरत नाही." फसवणाऱ्याची हुशारी बघा. यातही खरेपणा आहे. कितीतरी प्लमना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात. पंजाबात सतलज पर्पल लावतात तेव्हा सोबत काला अमृतसरी लावायला सांगतात ते त्यासाठीच. मी नेटवर शोधलं, हे सापडलं, आणि माणूस खरा आहे अशी माझी खात्रीच पटली. पण ज्या झाडाला फूलच आलेलं नाही त्याला जोडीदार कशाला, हा प्रश्न मला सुचला नाही. आणखी दोन रोपं, प्रत्येकी १,४०० आणि कुरिअरचे २५०. रोपं आली ती बिनपानांची, काठीसारखी, टोकाला मेण लावलेली. एक गेलं. दुसरं मार्चमध्ये फुटलं.

फुटलं ते गोल पान. वरून चकचकीत हिरवं, उलटं केलं तर खाली पांढरट लव, आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. बेचक्यात काट्यांची जोडी, एक सरळ, एक वाकडा. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या बाईने हे पान ओळखलं नाही असं मी म्हटलं तर देव माफ करणार नाही. ओळखलं. पण पैसे गेल्याचं स्वतःशी कबूल करायचं नव्हतं, म्हणून चार महिने त्याला "पोलिनायझर" म्हणून पाणी घातलं.

जुलैमध्ये भाऊ आला, सोबत भाची. ती कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सहलीत हिमाचलातल्या सोलनच्या बागा बघून आलेली. मागच्या दारात उभं राहून ती म्हणाली, "आत्या, हे बोर इथे कशाला?" मी म्हटलं, कुठलं बोर? ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मग तिने उरलेल्या तिघांची पानं हातात घेतली. लांबट, निमुळती, आंब्याच्या पानाची छोटी आवृत्ती, पण कडेला बारीक दाते. चुरगळून नाकाशी धरली तर कडू बदामाचा वास. "प्लमचं पान रुंद असतं गं. हा आडू वाटतोय, पीच. जंगली, बियांपासून उगवलेला. याचा खुंट म्हणून वापर करतात."

भावाने खिशातला चाकू काढला आणि टेप कापली. मला वाटतं मी श्वास रोखला होता. दीड वर्ष आवळलेल्या टेपने खोडाला काच पडला होता, वर-खाली फुगवटा. पण त्या काचाखाली साल सलग होती. काप नाही, सांधा नाही, खुंट संपून वरची काडी सुरू झाल्याचा रंगातला फरक नाही. दुसऱ्याची टेप काढली, तेच. तिसऱ्याचीही. नुसत्या रोपाला टेप गुंडाळून कलम म्हणून विकलेलं. भाऊ एवढंच म्हणाला, "अण्णांनी बघितलं असतं तर..." आणि चाकू पुसून ठेवला.

त्या रात्री मी प्रदर्शनातला जुना फोटो मोठा करून बघितला. प्लमवर द्राक्षासारखाच पांढरट मेणाचा थर असतो, तो सगळ्या फळांवर होता. फक्त एका फळावर नखाएवढा लंबगोल तुकडा स्वच्छ आणि चकचकीत. दुकानातल्या परदेशी फळांवर स्टिकर असतो, अगदी त्या मापाचा. फळं विकत आणून झाडाला लावली होती. तारीख तर माझ्याच फोटोवर होती, जानेवारी. आपल्या उत्तरेकडचं प्लम येतं उन्हाळ्यात, जानेवारीत तिथली झाडं नागडी उभी असतात. त्या दिवसांत बाजारात दिसतं ते चिलीसारख्या देशांतलं, जिथे तेव्हा उन्हाळा असतो. आणि खोडावर जागोजाग निळसर ठिपके होते, ते मी तेव्हा जातीचं वैशिष्ट्य समजले होते. ती बोर्डो पेस्ट. बाजूच्या फांद्या साफ कापून जखमांवर लावलेली. तो खांब कात्रीने केलेला होता!

खरा खांबी प्रकार जगात नाही असं मात्र नाही. सफरचंदात तो निसर्गातच सापडला. १९६० च्या दशकात कॅनडात मॅकिन्टॉश जातीच्या एका झाडावर आखूड, जाडजूड फांदी फुटली, तिच्यापासून विजसिक नावाची जात झाली आणि पुढे खांबी सफरचंदं. प्लमच्या बाबतीत मात्र खांब म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा साधंच प्लम, पण वाढ आवरणाऱ्या खुंटावर बांधलेलं आणि दरवर्षी बाजूच्या फांद्या आखूड छाटून सरळ ठेवलेलं. इंग्लंडात सेंट ज्युलियन ए किंवा पिक्सी खुंटावर करतात. म्हणजे सगळी जादू खुंटात आणि कात्रीत. खुंटाचं नाव सांगता येत नाही त्याच्याकडे खांबी झाड नाही, एवढं साधं होतं ते. माझ्या माणसाला मी विचारलंच नाही की खुंट कोणता. द्राक्षाचं रोप घेताना हा माझा पहिला प्रश्न असता.

पैशांचं काय झालं? फोन केला, त्याने आवाज चढवला नाही. "मॅडम, गुडविल म्हणून दोन हजार पाठवतो." दोन हजार आले, आणि त्यानंतर नंबर बंद. प्रदर्शनवाले म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पण समोरच्याचा पत्ता विचारला तेव्हा माझ्याकडे माहितीपत्रकावरचा बंद मोबाइल सोडून काही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. मुदत होती, कागद नव्हता. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे, पण तिथे लगेच फोन केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी सहा महिन्यांनी जागी झालेली.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, विकायला परवाना लागतो. प्रदर्शनात उभ्या उभ्या परवान्याचा नंबर आणि पक्कं बिल मागायला दोन मिनिटं लागतात. कोणी आढेवेढे घेतले तर पुढच्या स्टॉलवर पाणीपुरी असते, ती खा. आणि कलमाची टेप तिथेच, त्याच्यासमोर, थोडी सोडून बघा. लागलेल्या कलमाला त्याने काही होत नाही.

ही हकिगत सोसायटीतल्या बायकांना सांगितली तेव्हा दोघींनी हळूच कबूल केलं. एकीकडे "बुटकं अक्रोड" आहे, दुसरीकडे "गच्चीवरचं केशर". दोघींनी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आडूची तिन्ही झाडं काढली. बोर ठेवलं. कुंपणाच्या कोपऱ्यात आहे, कोणाला त्रास नाही, आणि यंदा संक्रांतीला पसाभर बोरं दिली, आंबट ढाण. नातवाच्या बोरन्हाणात तीच टाकली. मग एप्रिलमध्ये भावाने ते गुडघ्याएवढं छाटलं, आणि जूनअखेर नव्या फुटीवर उमराण या बोराच्या चांगल्या जातीचा डोळा भरला. पट्टी कापून द्यायला मीच बसले होते. तीन आठवड्यांनी त्याला फोन लावला, विचारलं, सोडू का? तो म्हणाला, सोड. सोडली. डोळा हिरवा होता, आणि कडेने काप भरून आला होता.