पी०४२० शोधायला ब्लूटूथ डोंगल की वायरचा स्कॅनर?

पी०४२० हा गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) पुरेसं काम करत नाही, असा. तो गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावलेल्या उपकरणावर दिसतो, मग ते फोनशी ब्लूटूथने बोलणारं डोंगल असो की वायरचा स्कॅनर. कोड वाचायचा आणि उडवायचा, एवढंच काम असेल तर दोन्ही सारखेच. फरक पडतो तो त्यानंतर. पी०४२० आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाच, असं नाही. एक्झॉस्टच्या पाईपला मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरआधी गळती असेल किंवा तो सेन्सरच बिघडला असेल, तरी हाच कोड येतो. कन्व्हर्टर महाग असतो, त्यामुळे बदलण्याआधी लाईव्ह डेटा (चालू इंजिनातले सेन्सरचे आकडे) बघायलाच हवा.

इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि कन्व्हर्टरआधीचा (पुढचा) आणि नंतरचा (मागचा), अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख एकत्र लावा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सेकंदाला एक-दोनदा वरखाली व्हायला हवा, मागचा ०.६-०.७च्या आसपास जवळजवळ स्थिर. मागचाही पुढच्याच तालात हलत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्या. पुढे साध्या ऑक्सिजन सेन्सरऐवजी एअर-फ्यूल सेन्सर असलेल्या गाड्यांत पुढच्याची ही खूण चालत नाही, तिथे मागचाच बघायचा.

डोंगल अडतो तो नेमका इथे. स्वस्तातले ईएलएम३२७चे क्लोन (डोंगलमधल्या त्या चिपच्या नकला) बहुधा एका वेळी एकच पीआयडी (आरपीएमसारखं एखादं मोजमाप) विचारतात, त्यात ब्लूटूथचा उशीर. ॲपवर सहा पीआयडी लावले की प्रत्येकाची पाळी सेकंदाने किंवा त्याहून उशिरा येते. अर्ध्या सेकंदात चढून उतरणारा सिग्नल मधेच कुठेतरी पकडला जातो आणि चांगला सेन्सर सुस्त दिसतो. त्याहून वाईट म्हणजे मागच्या सेन्सरची हालचालही त्यात बुडते आणि संपलेला कन्व्हर्टर ठणठणीत वाटतो. दोनच पीआयडी ठेवले तर आलेख बऱ्यापैकी सुधारतो, हे खरं. पण मग आरपीएम आणि फ्यूल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-कमी करतो ते) बघायला पुन्हा सगळं बदला, पुन्हा मागे या. मला ही उठाठेव नकोशी झाली. वायरच्या स्कॅनरवर माझ्या अनुभवात आलेख पहिल्याच फेरीत विश्वास ठेवण्याजोगा येतो.

डोंगलवर छापलेल्या व्हर्जनवरही जाऊ नका. ‘२.१’ लिहिलेल्या कित्येक क्लोनमध्ये मूळ चिपच्या काही कमांड नसतातच.

तरी डोंगल कुचकामी नाही. फ्यूल ट्रिम हळू बदलतो, तिथे तो पुरेसा आहे, आणि चालत्या गाडीतला डेटा फोनवर साठवायला तर तोच सोयीचा. शॉर्ट टर्म (तात्पुरत्या) आणि लाँग टर्म (टिकाऊ) ट्रिमची बेरीज आयडलला +१०%च्या वर आणि २५००ला खाली येत असेल तर व्हॅक्यूम लीक (इंजिनात बाहेरून शिरणारी जास्तीची हवा) शोधा. लोडबरोबर वाढत असेल तर फ्यूल पंप, फिल्टर किंवा एअर फ्लो सेन्सर. काम झालं की डोंगल काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बहुतेक गाड्यांत चावी काढल्यावरही करंट असतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

महिन्यातून एकदा कोड बघणाऱ्याला डोंगल पुरेल. घरच्या दोन-तीन गाड्यांचे कोड स्वतः निस्तरणाऱ्याने, माझ्या मते, थोडे जास्त पैसे घालून स्कॅनरच घ्यावा. घेताना दोन पीआयडींचा एकत्र आलेख आणि मोड ६ (गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांचे निकाल) आहे का, तेवढं विचारा. डिझेलचं डीपीएफ रीजनरेशन (एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जाळणं) साध्या स्कॅनरवर बहुधा होत नाही, त्या अपेक्षेने घेऊ नका.

हातात काहीही असो, कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचा) फोटो काढा. कोडबरोबर तीही जाते आणि मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या) पुन्हा पहिल्यापासून पूर्ण व्हावे लागतात.