पासवर्डचं कुलूप लावलेला ई-मेल: दहा महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे दोन पाटील क्लायंट आहेत. दोघांच्याही फौंड्री कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दोघांचंही पगारपत्रक आणि टीडीएसचं काम माझ्याकडे. गेल्या वर्षी महिन्याच्या सहा तारखेला घाईत मी पत्ता टाइप करायला लागले, पहिली चार अक्षरं टाकताच मेलनं पत्ता स्वतःच पुरा केला आणि एका पाटलांच्या ४६ कामगारांची यादी दुसऱ्या पाटलांना गेली. नाव, पगार, पॅन, बँक खातं, सगळं उघडं. अर्ध्या तासात त्यांचाच फोन आला, "ताई, ही दुसऱ्या पाटलांची यादी दिसत्या. मी आत बघितलं न्हाई, डिलीट करतोय." माणूस भला होता म्हणून निभावलं. पण ती माणसं माझ्या भरवशावर आपला खाते क्रमांक देतात, आणि तो मी पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा पाठवत होते, हे त्या दिवशी फार लागलं.

त्याआधी मी काही कुलूप लावतच नव्हते असं नाही. एरवी पीडीएफला पासवर्ड असायचा, मालकांचा पॅन. आता पॅन म्हणजे गुपित का? प्रोप्रायटरच्या १५ अक्षरी जीएसटी नंबरात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत त्याचा पॅनच असतो, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापलेला. म्हणजे किल्ली दारावरच टांगलेली.

भाच्यानं कॉम्प्युटरवर जीपीजी-फॉर-विन हे मजकुराला पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. फुकट आहे. त्यातल्या क्लिओपात्रा नावाच्या प्रोग्रॅममध्ये नोटपॅड आहे. तिथं मजकूर लिहायचा, "पासवर्डनं एनक्रिप्ट करा" एवढाच पर्याय ठेवायचा, पासवर्ड द्यायचा. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षर-आकड्यांचा अगम्य ठोकळा येतो, वर 'बिगिन पीजीपी मेसेज' आणि खाली 'एंड पीजीपी मेसेज' अशी ओळ. तो ठोकळा कॉपी करून साध्या मेलमध्ये चिकटवायचा. समोरचा तोच पासवर्ड घालून उघडतो. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी ओपनकीचेन नावाचं अॅप चालतं. आयफोनवाल्या दोघांना मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच उघडायला सांगते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. मजकूर मेलच्या खिडकीत लिहून मग कुलूप लावायचं नाही. मेल आपोआप मसुदा जपून ठेवतं, म्हणजे उघडा मजकूर सर्व्हरवर आधीच गेलेला असतो. क्लिओपात्राच्या नोटपॅडमध्ये लिहा, तिथंच कुलूप लावा, मग मेल उघडा. आणि विषयाची ओळ कधीच कुलपात जात नाही. पहिले दोन महिने मी विषयात "ऑगस्ट पगार, ४६ कामगार" असं ठसठशीत लिहीत होते. आता फक्त "कागद" लिहिते. कुणी कुणाला कधी पाठवलं, हेही उघडंच राहतं, त्यावर या पद्धतीत इलाज नाही.

आतलं कुलूप एईएस नावाचं आहे. दोन बेल्जियन सांकेतिक लिपीतज्ज्ञांनी रचलेलं, २००१ साली अमेरिकेनं प्रमाण म्हणून स्वीकारलेलं. ते तोडायला कुणी बसणार नाही, चोर पासवर्डच ओळखू बघणार. बँकेचं खातं तीन चुकांनंतर बंद होतं, इथं तसं काही नाही. ठोकळा ज्याच्या हाती पडला, तो घरी बसून मशीनवर हवे तितके पासवर्ड लावून बघू शकतो. प्रोग्रॅम पासवर्ड बारीक दळून, म्हणजे त्यावर पुन्हा पुन्हा गणित करून, मग किल्ली करतो, त्यामुळं प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागतो, पण "अंबाबाई१२३" असेल तर कितीही दळून उपयोग नाही.

म्हणून मी फासे आणले. पाच फाशांच्या आकड्यांवरून ७,७७६ इंग्रजी शब्दांच्या यादीतला एक शब्द निघतो, असे सहा शब्द काढते. शक्यता होतात २२ वर २२ शून्यं. शब्द मी निवडत नाही, फासे निवडतात, आणि खरी ताकद तिथंच आहे. आपण निवडायला बसलो की रंकाळा, पन्हाळा आणि पोराचं नाव याच्या पलीकडं जात नाही.

आधी मी मराठी शब्द घेतले होते, देवनागरीत. त्यात एक "पायऱ्या" होता. पाटलांच्या फोनवर मेसेज उघडेना. मी फोनवर अक्षर-अक्षर सांगितलं, त्यांनी तसंच टाइप केलं, स्क्रीनवर शब्द हुबेहूब दिसत होता, तरी "पासवर्ड चुकीचा". दोन तास गेले. मग कळलं की हा अर्धा र एक कीबोर्ड एका पद्धतीनं साठवतो आणि दुसरा वेगळ्या. डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन. तेव्हापासून पासवर्ड रोमन अक्षरांतच, सगळी लहान अक्षरं, मध्ये एक स्पेस. स्वतःच्या भाषेत पासवर्ड ठेवता येऊ नये याचं वाईट वाटतं.

पासवर्ड मी मेलनं देत नाही, व्हॉट्सअॅपवरही नाही. पहिल्यांदा प्रत्यक्ष गेले. फौंड्रीत भट्टीची धग आणि काळी वाळू, मालकांनी हात पुसून डायरीच्या मागच्या पानावर स्वतः सहा शब्द लिहिले आणि डायरी कपाटात टाकून कुलूप लावलं. काही विचारायचं झालं तर फोन, आवाज ओळखीचा असेल तरच.

विसरला तर काय? काहीच नाही. "फरगॉट पासवर्ड" असं बटण इथं नाही. एका क्लायंटनं पासवर्डचा कागद हरवला आणि सात तारखेच्या टीडीएसचा तपशील उघडेना. माझ्याकडं मूळ शीट होती म्हणून नवा पासवर्ड ठरवून पुन्हा पाठवलं. मूळ जपून ठेवल्याशिवाय ही पद्धत वापरूच नये. माझी वही गोदरेजच्या कपाटात असते आणि घरी एकट्या नवऱ्याला माहीत आहे.

मोठ्या फाइलींसाठी सेव्हन-झिप हा फाइली एकत्र बांधून कुलूप लावणारा प्रोग्रॅम घेतला. त्यात गठ्ठ्याचा प्रकार म्हणून झिप निवडलं तर आपोआप जुनं, कच्चं कुलूप लागतं, तिथं एईएस-२५६ हातानं निवडावं लागतं. मी सेव्हन-झेड हा दुसरा प्रकारच ठेवते, आणि फाइलींची नावं लपवायच्या चौकटीत टिक करते, नाहीतर आत काय आहे ते नावावरूनच कळतं.

तक्रार एकच, फोनवरून कॉपी करताना लोक शेवटची ओळ सोडतात. मग ठोकळा उघडत नाही आणि मला फोन. आता मेलमध्ये वर लिहिते, "पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं उचला." बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

गुजरीतले दोन वयस्कर क्लायंट यात आले नाहीत. त्यांचे कागद मी अजून बंद पाकिटात घालून महाद्वार रोडनं चालत नेऊन देते. दोन्ही पाटलांचे पासवर्ड वेगवेगळे आहेत, एप्रिलमध्ये दोन्ही बदलणार आहे. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा पत्ता चुकला. त्याच पाटलांचा फोन आला, "ताई, आज तुमचं काहीतरी आलंय, पण वाचायलाच येईना." मी म्हटलं, डिलीट करा, तुमचं नाही ते.