घरगुती थंड पेये : ताजे पिळावे, पाक करून ठेवावा की रात्रभर भिजवावे?

उन्हाळ्यासाठी घरी थंड पेय करायचे ठरले की चर्चा बहुधा फळापासून सुरू होते. माझ्या मते त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे : खटपट केव्हा करायची? पिण्याच्या वेळी, आठवडाभर आधी, की आदल्या रात्री? ताजे पिळलेले सरबत, बाटलीत भरून ठेवलेले सिरप आणि थंड पाण्यात भिजवून काढलेले पेय या तीन वाटांपैकी आपली कोणती, हे घरात किती माणसे आहेत आणि ती एका वेळी पिणार की येता-जाता, यावर अवलंबून असते. गोडी, आंबटपणा आणि वास हे तिन्ही घटक प्रत्येक पद्धतीत वेगवेगळ्या वेळी एकत्र येतात, आणि त्या त्या पद्धतीचे बहुतेक गुणदोष तेथूनच निघतात.

ताज्या लिंबाच्या सरबताला वासात तोड नाही. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते आणि त्यातून आंबटपणा येतो. पण ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सालीतल्या तेलाचा असतो. हाताने पिळताना त्या तेलाचे बारीक तुषार रसात उतरतात आणि काही वेळाने उडूनही जातात, म्हणून पिळल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातले सरबत सर्वांत सुवासिक लागते. उणीव आहे ती साखरेची. थंड पाण्यात साखर फार हळू विरघळते; वरचे घोट आंबट आणि तळाचा घोट गोडमिट्ट, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असेल. एका-दोघांसाठी ढवळत बसता येते, दहा जणांसाठी नाही.

मग सरबत आदल्या रात्रीच करून ठेवले तर? हा मोह मला एकदा महागात पडला आहे. सकाळी लवकर पाहुणे येणार होते, म्हणून रात्रीच लिंबाच्या फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवून, गाळून, दोन लिटर सरबत फ्रीजमध्ये ठेवले. रात्री चाखले तेव्हा उत्तम होते. सकाळी पहिल्याच घोटाला जिभेवर कडवटपणा राहू लागला आणि साखर वाढवून तो हटेना. कारण असे, की लिंबूवर्गीय फळांच्या गरात, बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात एक बेचव घटक असतो, जो आंबट रसात मिसळल्यावर काही तासांत लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो. फळ जितके चिरडावे तितका कडूपणा अधिक. चिमूटभर मिठाने तो थोडा दबतो, इतकेच. म्हणून रस काढून ठेवायचाच असेल तर मिक्सर वापरू नये, बिया आधी काढाव्यात आणि हलक्या हाताने पिळावे.

पाक करून ठेवण्याची पद्धत नेमकी ही अडचण टाळण्यासाठी घेतली जाते. साखर आणि पाणी वजनाने समप्रमाणात घेऊन केलेला पातळ पाक स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन-चार आठवडे राहतो. साखर पाण्याच्या दुप्पट घेतली तर तो बराच अधिक टिकतो, कारण इतक्या दाट पाकात सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी फार कमी उरते. मात्र हे प्रमाण साखर विरघळण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावरचे असल्याने फ्रीजमध्ये तळाला खडे धरू शकतात. उकळताना लिंबाचे काही थेंब टाकल्यास आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि खडे धरण्याचे प्रमाण कमी होते. पाकाला तंतू दिसले, वास बदलला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचा थर काढून वापरण्याचा विचार न करता सगळा टाकून द्यावा.

येथे अनेक जण एक पाऊल पुढे जातात आणि लिंबाचा रसही पाकातच उकळून टाकतात. सोय होते हे खरे : बाटलीतून दोन चमचे ओतले, पाणी घातले, सरबत तयार. पण उकळलेल्या रसाचा ताजेपणा जातो, आणि त्या सरबताची चव मला नेहमी दुकानातल्या तयार पेयाच्या जवळची वाटते. माझी शिफारस मधल्या वाटेची आहे. पाक साधा ठेवावा, रस पिण्याच्या वेळीच पिळावा, आणि वास मात्र आधी साठवून ठेवावा. त्यासाठी लिंबाची पिवळी साल पांढरा भाग न घेता पातळ सोलावी, साखरेत चमच्याने किंवा बोटांनी चोळावी आणि भांडे झाकून तासभर बाजूला ठेवावे. झाकण काढल्यावर कोरड्या साखरेच्या जागी ओलसर, पिवळसर, चिकट खडी दिसते आणि सालीचे पट्टे आक्रसून कडक झालेले असतात. तेल साखरेने ओढून घेतलेले असते. ही साखर कोमट पाण्यात विरघळवून गाळली की वासाचा पाक तयार होतो, तोही रस न उकळता. एवढेच, की पूर्ण उकळी न मिळाल्याने तो आठवडाभरात संपवावा. एका ग्लासाला मी समप्रमाणातला ३० मिलिलीटर पाक, २० मिलिलीटर ताजा रस आणि १२० मिलिलीटर थंड पाणी घेते. आंबट आवडणाऱ्यांनी रस वाढवावा. आम्लाचा परिणाम होतो म्हणून हे सारे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करावे; तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी यासाठी चालत नाहीत.

पद्धत कोणतीही निवडली, तरी बर्फाचा हिशोब आधी करावा लागतो. ३० अंश सेल्सियसचे २०० मिलिलीटर सरबत ५ अंशांपर्यंत आणायला जवळजवळ ६० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे ग्लासात जवळजवळ एक-तृतीयांश पाणी नव्याने येते आणि १० टक्के गोडीचे सरबत ८ टक्क्यांच्याही खाली उतरते. त्यात थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते. खोलीच्या तापमानाला बरोबर लागलेले सरबत बर्फानंतर फिके आणि नुसते आंबट लागते ते या दोन कारणांनी. उपाय दोन आहेत : सर्व घटक आधी फ्रीजमध्ये गार करून बर्फ शेवटी नावापुरता घालावा, किंवा मिश्रण मुद्दाम थोडे दाट ठेवावे. पहिला उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. सरबताच्या मोठ्या भांड्यात बर्फ कधीच घालू नये, तो ज्याच्या-त्याच्या ग्लासात घालावा.

भिजवण्याची पद्धत सर्वांत कमी कष्टाची आहे आणि तिला घाई चालत नाही. एक लिटर थंड पाण्यात सुमारे १० ग्रॅम चहापत्ती घालून, झाकून, आठेक तास फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी गाळावी. गरम पाण्यात काढून गार केलेल्या चहाशी तुलना केली तर फरक दोन ठिकाणी दिसतो. थंड पाण्यात तुरटपणा देणारे टॅनिन कमी उतरतात, त्यामुळे चव मऊ राहते आणि साखर फारशी लागत नाही. शिवाय कडक गरम चहा फ्रीजमध्ये गढूळ होतो, कारण थंड झाल्यावर त्यातील कॅफीन आणि पॉलिफेनॉल एकत्र येऊन बारीक कण बनतात. भिजवलेला चहा बहुधा स्वच्छ राहतो. ज्यांना कडक आणि लिंबाला पुरून उरेल अशी चव हवी, त्यांना मात्र गरम चहाच घ्यावा लागेल. बरणी उन्हात ठेवून चहा काढण्याची युक्ती टाळावी, कारण ते पाणी जंतू मरण्याइतके तापत नाही आणि वाढण्याइतके कोमट मात्र तासन्‌तास राहते.

काकडी, पुदिना किंवा फळांचे काप घातलेले पाणी हा याच पद्धतीचा हलका प्रकार आहे. फ्रीजमध्ये दोन ते चार तास पुरतात. त्यानंतर काप काढून टाकावेत, नाहीतर लिंबूवर्गीय साल कडू होते आणि मऊ फळे गळून पडतात. त्यात साखर जवळजवळ नसते, हा मोठा गुण आहे, आणि सरबताची अपेक्षा ठेवून प्यायले तर निराशा होते, हेही तितकेच खरे.

साखरेचा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेत वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांखाली असावा आणि ५ टक्क्यांखाली आल्यास अधिक बरे. प्रौढ माणसासाठी ही दुसरी मर्यादा साधारण २५ ग्रॅमची होते. वर सांगितलेल्या एका ग्लासात १८ ग्रॅमच्या आसपास साखर जाते. तेव्हा दिवसभर येता-जाता पिणारे घर असेल तर मोठ्या भांड्यात भिजवलेला चहा किंवा कापांचे पाणी ठेवावे, आणि सरबत एखाद्या वेळचे राहू द्यावे. मध घातला म्हणून हा हिशोब बदलत नाही, आणि एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर यातले कोणतेही पेय क्षारसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

सोड्याची आवड असलेल्यांनी पाकाची बाजू घ्यावी, कारण सोड्यात साखर टाकून ढवळले की वायू निघून जातो आणि पाक मात्र एका हलक्या फिरवणीत मिसळतो. शून्य अंशाला पाण्यात जितका कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या साधारण निम्माच २० अंशांना मावतो. म्हणून सोडा आणि ग्लास दोन्ही आधी गार हवेत, पाक आणि रस तळाला घालावा आणि सोडा शेवटी ओतावा. आल्याचे फसफसणारे पेय यीस्टने आंबवून करण्याची पद्धत मात्र या यादीतून मी वगळते : त्यात थोडे का होईना मद्यार्क तयार होते, आणि झाकण घट्ट लावलेली बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते. आले किसून पाकात दहा मिनिटे उकळावे, गाळावे आणि गार सोड्यात घालावे. तिखटपणा तोच मिळतो आणि मुलांच्या हाती ग्लास देताना विचार करावा लागत नाही.