आरव्हीच्या फर्नेसची व्हेंट: जाळी लावावी की नाही, सफाई स्वतः करावी की तंत्रज्ञाकडून?

सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात रात्रीचे तापमान शून्याखाली जाऊ शकते, आणि आरव्हीतली, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतली किंवा ट्रेलरमधली, हवा तापवणारी फर्नेस नेमकी त्याच रात्री दगा देते. उन्हाळाभर ती कोणी चालूच केलेली नसते आणि मधल्या चार-पाच महिन्यांत बाहेरच्या व्हेंटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या हवेच्या तोंडात, एखाद्या कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधलेले असते. अमेरिकेत वापरलेली आरव्ही विकत घेणाऱ्यापुढे म्हणूनच दोन प्रश्न लवकर उभे राहतात. व्हेंटच्या तोंडावर कीटकरोधक जाळी बसवावी का, आणि सफाई स्वतः करावी की तंत्रज्ञाला बोलवावे? दोन्ही प्रश्नांना एकच सरसकट उत्तर देता येत नाही, कारण ‘व्हेंट’ या एकाच शब्दाखाली आरव्हीत दोन वेगळ्या वाटा येतात.

बहुतेक आरव्हींमध्ये सबर्बन किंवा अ‍ॅटवुड, म्हणजे आताच्या डोमेटिक, कंपनीची प्रोपेन गॅसवर चालणारी फर्नेस असते. तिच्यात बारा व्होल्टची एकच मोटर दोन चाके फिरवते. एक चाक बाहेरची हवा ज्वलनकक्षात ओढते आणि जळलेला वायू भिंतीतल्या नळीवाटे बाहेर टाकते, तर दुसरे चाक घरातली हवा तापलेल्या धातूच्या कक्षावरून फिरवून डक्टवाटे, म्हणजे हवेच्या नळ्यांवाटे, खोल्यांत सोडते. हे दोन प्रवाह कुठेही एकत्र येऊ नयेत, या एका गोष्टीवर साऱ्या यंत्राची सुरक्षितता अवलंबून आहे. घरातल्या हवेच्या वाटेत कचरा साचला तर फर्नेस कुरकुरते किंवा बंद पडते. ज्वलनाच्या वाटेत साचला, तर मात्र कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची शक्यता निर्माण होते.

जाळी आणि उघडे तोंड

जाळीच्या बाजूने बोलणारे लोक बरेच आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. प्रोपेनमध्ये गळती कळावी म्हणून मिसळलेल्या उग्र वासाकडे कोळी आणि गांधीलमाश्या ओढल्या जातात, असे आरव्हीवाले वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. वासाचे कारण बाजूला ठेवले तरी भिंतीतली अंधारी, कोरडी, पावसापासून सुरक्षित नळी ही घर बांधायला उत्तम जागा आहे, हे मान्य करावेच लागते. टेक्साससारख्या उष्ण राज्यात ट्रेलर महिनोन्महिने उघड्यावर उभा राहत असेल, तर चिखलाचे एक घर पंधरवड्यात तयार होऊ शकते. बाजारात मिळणारी स्टीलची जाळी स्वस्त असते, स्प्रिंगच्या आकड्यांनी काही मिनिटांत बसते आणि माशी खरोखरच अडवते.

उलट बाजूचे मत अधिक वजनदार आहे, कारण ते यंत्र बनवणाऱ्यांचे आहे. सबर्बनच्या पुस्तिकेत व्हेंटवर कोणत्याही कारणासाठी जाळी बसवू नये, ती तुंबून फर्नेसचे काम असुरक्षित होते, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. यामागचे कारण जाळी हातात घेऊन पाहिल्यावर लगेच पटते. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की झाडांचा कापूस, परागकण आणि कच्च्या रस्त्यावरची धूळ तिच्यावर नमद्यासारखी बसते. ज्वलनाला हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि ती काजळी पुढे तीच वाट आणखी अरुंद करते. माशीचे घर नळीत असेल तर फर्नेस बहुधा पेटतच नाही, पण अर्धी तुंबलेली जाळी असताना ती पेटते आणि चालू राहते. माझ्या मते या दोहोंतला दुसरा धोका मोठा आहे. (पाणी तापवणाऱ्या यंत्राची आणि फ्रीजची व्हेंट हा वेगळा विषय आहे, तिथे त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहावी.)

ज्यांचा ट्रेलर माश्यांच्या प्रदेशात उभा असतो त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. हंगाम संपल्यावर थर्मोस्टॅट आणि गॅस दोन्ही बंद करून बाहेरचे तोंड रंगाऱ्याच्या निळ्या चिकटपट्टीने झाकावे, आणि त्याच पट्टीचा एक तुकडा थर्मोस्टॅटवर आडवा चिकटवून ठेवावा. तो काढल्याशिवाय कळ दाबता येत नाही, त्यामुळे बाहेरची पट्टी काढायची आठवण राहते. जो ट्रेलर दर पंधरा दिवसांनी बाहेर पडतो त्याला हेही नको. निघण्यापूर्वी टॉर्च घेऊन नळीत एकदा डोकावणे पुरेसे होते.

स्वतः आणि तंत्रज्ञ

घरातली हवा खेळवणारी वाट स्वतः साफ करावी, त्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही. गरम हवा सोडणाऱ्या जमिनीवरच्या जाळ्या उचलून व्हॅक्यूम क्लीनरची लवचीक नळी जाईल तितकी आत घालावी. वापरलेल्या गाडीत कुत्र्याचे केस आणि धान्याचे दाणे निघतात, तर नव्या गाडीतही कारखान्यातला लाकडाचा भुसा आणि स्क्रू सापडतात. डक्टची लवचीक नळी पातळ असते, म्हणून टोकदार ब्रश आत ढकलू नये. याहून महत्त्वाची जागा म्हणजे फर्नेसकडे हवा परत नेणारी मोठी जाळी, जी पुष्कळदा स्वयंपाकाच्या ओट्याखाली किंवा फ्रीजखाली असते. आपल्या घरांत रोज फोडणी पडते, तिची तेलकट वाफ या जाळीवर बसते आणि धूळ त्यावर चिकटून राहते. नुसत्या व्हॅक्यूमने ती निघत नाही. जाळी काढून भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मगच बसवावी. तिच्यासमोर चपलांचा ढीग किंवा तांदळाची पिशवी ठेवू नये. त्याचप्रमाणे थंडी कमी वाटते म्हणून जमिनीवरच्या दोन-तीन जाळ्या बंद करणेही टाळावे, कारण हवा अडली की आतला तापमान-मर्यादेचा स्विच ज्योत बंद करतो.

बाहेरच्या तोंडाचे काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. वरवर दिसणारे जाळे किंवा चिखल मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने बाहेर ओढणे कोणालाही जमते, मात्र गॅस बंद असावा आणि फर्नेस पूर्ण गार झालेली असावी. दाबाच्या हवेचा झोत बाहेरून आत मारणे हा सर्वात वाईट उपाय, कारण त्याने कचरा थेट बर्नरकडे जातो. प्रेशर वॉशरचा फवारा इथे मारू नये, हे वेगळे सांगायला नको. व्हेंटवरची बाहेरची टोपी उघडण्याचा मोह मात्र आवरावा. ती परत बसवताना धुराची नळी टोपीत नीट शिरली नाही किंवा सांधा बंद करणारे गास्केट दुमडले, तर जळलेला वायू भिंतीच्या पोकळीत जाऊ शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

म्हणून ज्वलनकक्ष, बर्नर, टोपी आणि गॅसचा दाब ही कामे तंत्रज्ञाची. प्रोपेनचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सुमारे 11 इंचांवर असावा लागतो आणि तो मोजायला मॅनोमीटर हे दाबमापक लागते. व्हेंटभोवती काळा डाग दिसला, पेटताना धडाका झाला किंवा धुराचा वास घरात आला, तर ब्रश बाजूला ठेवून फर्नेस बंद करावी आणि तंत्रज्ञालाच बोलवावे.

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एक गोष्ट मात्र स्वतः तपासावी. फर्नेस सुरू होताना आधी पंखा काही सेकंद फिरतो, हवेच्या जोराने एक लहान पात्याचा स्विच दाबला जातो, आणि त्यानंतरच गॅस सुटून ठिणगी पडते. बॅटरी उतरलेली असेल तर पंखा मंद फिरतो, स्विच दाबला जात नाही आणि फर्नेस नुसतीच गार हवा फेकत राहते. लोक याचा दोष व्हेंटला देतात. वीजजोडणी असलेल्या जागी ट्रेलर लावल्यावर फर्नेस मुकाट्याने पेटली, तर सफाईऐवजी बॅटरीकडे पाहावे.

खर्चाच्या बाजूने, घरी येणारा फिरता तंत्रज्ञ भेटीचे शुल्क आणि तासाचा दर असे दोन्ही घेतो. विक्रेत्याच्या कार्यशाळेत भेटीचे शुल्क नसते, पण हंगामात गाडी आठवडे-आठवडे तिथेच अडकून पडते. वर्षातून एका तपासणीसाठी फिरता तंत्रज्ञ बरा पडतो, शिवाय तो काम करत असताना शेजारी उभे राहून बघता येते. फर्नेस बाहेर काढण्याची वेळ आली असेल तर कार्यशाळाच योग्य. भारतातून आलेले आई-वडील ट्रेलरमध्ये झोपणार असतील, तर ही तपासणी पुढे ढकलू नये.

कोणताही पर्याय निवडला तरी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मागची तारीख वाचावी. त्याचा संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, पण चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा तरीही वाजतो, कारण ते बटण मुख्यतः वीज आणि भोंगा तपासते. वापरलेल्या गाडीत मुदत उलटलेला अलार्म सापडणे अगदी सामान्य आहे, आणि नवा बसवायला एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो.